विश्लेषण : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ‘मिसा’चे कैदी, मग रेल्वेमंत्री... मधु दंडवतेंच्या लढाईतून नेमकं काय उरलं?

कॅमेरून या आफ्रिकी देशात पॉल बिया १९८२ पासून अध्यक्षपदावर आहेत. त्यांना आव्हान देणारे मॉरिस कामतो हे मूळचे कायद्याचे प्राध्यापक. २०१८ च्या निवडणुकीत ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, २०१९ मध्ये सुमारे आठ महिने कोठडीत गेले आणि २०२५ च्या निवडणुकीत तर त्यांची उमेदवारीच नाकारली गेली. मोबाइलवर अशी बातमी आली की आपण ती ‘तिकडची’ म्हणून पुढे सरकवतो. पण सत्तेला प्रश्न विचारणारा प्राध्यापक तुरुंगात जातो, ही गोष्ट महाराष्ट्राने ५० वर्षांपूर्वी जवळून पाहिली आहे. त्यातलं सर्वांत ठळक नाव प्रा. मधु दंडवते यांचं.

फरक एवढाच की आपल्याकडची गोष्ट तुरुंगापाशी थांबली नाही. दंडवते सुटले, निवडून आले, मंत्री झाले. ज्या कायद्याने त्यांना डांबलं, त्याच्या किल्ल्या आता त्यांच्याच सरकारच्या हातात होत्या. त्या किल्ल्यांचं पुढे काय झालं, हा या विश्लेषणाचा मुद्दा आहे.

दंडवते कोण होते?

जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. मुंबईत भौतिकशास्त्रात एमएस्सी केल्यानंतर ते सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले आणि पुढे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं.

राजकारण त्यांच्यासाठी निवृत्तीनंतरचा उद्योग नव्हता. १९४२ च्या चळवळीत ते होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. पक्ष प्रजा समाजवादी. १९७० मध्ये विधान परिषदेवर गेले आणि १९७१ मध्ये कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर. ही जागा बॅ. नाथ पै यांची होती. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचं निधन झालं होतं.

त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या ‘गरिबी हटाव’ची लाट होती. राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तीनांत एक दंडवते होते. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा ते राजापूरमधून निवडून आले.

महाराष्ट्रात इतके प्राध्यापक राजकारणात कसे आले?

यामागे एक साधं, घटनात्मक कारणही आहे. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक यांचे स्वतंत्र मतदारसंघ असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा प्रत्येकी सात जागा आहेत. पैसा, कारखाना किंवा दूध संघ हाताशी नसलेल्या शिक्षकाला सभागृहात पोहोचायची ही एक वाट.

पुण्याचे प्रा. ग. प्र. प्रधान याच वाटेने गेले. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्रधान सर १८ वर्षं विधान परिषदेत होते आणि तिथे विरोधी पक्षनेतेही झाले. आणीबाणीत त्यांनाही तुरुंगवास घडला.

२६ जून १९७५ ला काय घडलं?

त्याच्या दोन आठवडे आधी, १२ जूनला, अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतली निवड रद्द ठरवली होती. जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन तापलेलं होतं. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे सहीनंतर. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दंडवते त्या वेळी बंगळुरूत होते. पक्षांतराविषयीच्या विधेयकावर संसदेची संयुक्त समिती काम करत होती आणि तिच्या बैठकीसाठी ते गेले होते. सोबत जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी, तसंच संघटना काँग्रेसचे श्यामनंदन मिश्र. चौघांनाही २६ जूनला तिथेच अटक झाली. संसदेच्या कामासाठी आलेले खासदार संसदेला न विचारता तुरुंगात गेले.

दंडवते सुमारे दीड वर्ष कैदेत राहिले. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही समाजवादी कार्यकर्त्या. त्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. नवरा बंगळुरूला, बायको येरवड्याला आणि संसार पत्रांतून, तोही तुरुंगाच्या तपासणीतून पार पडलेल्या पत्रांतून.

‘मिसा’ काय होता?

‘मिसा’ म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१ चा. गुन्हा घडल्यावर पकडणं वेगळं आणि ‘हा माणूस पुढे काही तरी करील’ म्हणून आधीच अडकवून ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला प्रतिबंधात्मक स्थानबद्धता म्हणतात. त्यात आरोपपत्र नसतं, खटला नसतो.

आणीबाणीत हा कायदा आणखी कडक केला गेला. अटकेची कारणं कैद्याला सांगायची गरज उरली नाही. दुसरीकडे, २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समानता, जीवित व स्वातंत्र्य आणि अटकेपासून संरक्षण या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. कारण विचारायचं नाही आणि कोर्टातही जायचं नाही, असा हा दुहेरी बंदोबस्त होता.

शहा आयोगाने नंतर नोंदवलेल्या आकड्यांनुसार देशभरात ‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार, तर भारत संरक्षण कायदा व नियमांखाली सुमारे ७५ हजार लोकांना अटक झाली.

न्यायालयात काय झालं?

इथे प्राध्यापकी सवय कामाला आली असं म्हणता येईल. बंगळुरूच्या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. ‘आम्हाला कोणत्या कायद्याने धरलं ते दाखवा,’ एवढाच त्याचा अर्थ. सुटका होईलच याची खात्री नव्हती, पण सरकारला कागदावर उत्तर द्यावं लागणार होतं.

देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकता येतात असा कौल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो गाजलेला ‘एडीएम जबलपूर’ खटला. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी विचारलं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही न्यायालयात दाद नाही, असं उत्तर महान्यायवादी निरेन डे यांनी दिलं.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा मतांनी निकाल सरकारच्या बाजूने लागला. विरोधात एकटे न्या. खन्ना. पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींची नेमणूक झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत मूळचे पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड होते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने गोपनीयतेच्या खटल्यात हा निकाल चुकीचा ठरवला. ते लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षं लागली.

तेव्हा सरकारची बाजू काय होती?

सरकारचं म्हणणं होतं की महागाई, संप आणि आंदोलनांनी देश ठप्प होत आहे आणि लष्कर व पोलिसांना बेकायदा आदेश पाळू नका असं सांगितलं जात आहे. गाड्या वेळेवर धावल्या, कार्यालयांत शिस्त आली, असं तेव्हा अनेकांना वाटलंही. जुन्या पिढीत आजही तसं सांगणारे भेटतात.

पण प्रश्न विचारायला कुणी नसलं की शिस्त कुठवर जाते, याचं उदाहरण आपल्याच विधिमंडळात आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकलं नाही. कायदा नसतानाही १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या.

बारामती-इंदापूरने काय कौल दिला?

जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. मार्चमध्ये मतदान झालं. देशात जनता पक्षाला २९५ आणि काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी काँग्रेसच्या हाती २० आल्या, मुंबईत एकही नाही.

बारामती लोकसभा मतदारसंघानेही तेव्हा काँग्रेस नाकारली. बारामती तालुक्यातल्या निंबूतचे संभाजीराव काकडे जनता पक्षाकडून निवडून आले. साखर कारखाने, सोसायट्या आणि बाजार समित्यांवर काँग्रेसची पकड असलेल्या पट्ट्यातला हा निकाल होता.

तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, चित्र उलटलं. इंदिरा काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ३९ जागा जिंकल्या. बारामतीतून खासदार झाले बावड्याचे शंकरराव बाजीराव पाटील. १९८९ मध्येही ते पुन्हा लोकसभेवर गेले. दंडवते मात्र १९८० च्या लाटेतही राजापुरात टिकले आणि प्रमिला दंडवते मुंबई उत्तर-मध्यमधून निवडून आल्या.

१९७७ ला निंबूत, १९८० ला बावडा. एकाच मतदारसंघाने तीन वर्षांत दोनदा सत्ताधाऱ्यांना घरी बसवलं आणि दोन्ही वेळा हरलेल्याने निकाल मानला. हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्याचं मोल जाणवत नाही. कामतो यांच्या देशात ४० वर्षांत हे एकदाही घडलेलं नाही.

सत्तेत आल्यावर दंडवतेंनी काय केलं?

मार्च १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा ‘गीतांजली एक्स्प्रेस’ सुरू झाली. तिला पहिला वर्ग नव्हताच, सगळ्यांना एकच वर्ग. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्यांवर दोन इंचांच्या फोमची गादी आली तीही त्यांच्याच काळात. आज स्लीपरने जाताना पाठ टेकतो ती सोय तिथून सुरू झाली.

या गोष्टी लोकांच्या लक्षात राहिल्या. पण ते ज्या मंत्रिमंडळात होते, त्याचं सर्वांत टिकाऊ काम वेगळंच होतं.

४४ व्या घटनादुरुस्तीने काय बदललं?

हुकूमशाहीविरुद्ध लढून आलेल्या प्रत्येक सरकारपुढे एक मोह असतो : ‘वाईट माणसं गेली, आता चांगली आली, मग अधिकार कमी कशाला करायचे?’ जनता सरकारने ‘मिसा’ १९७८ मध्ये रद्द केला आणि कायदामंत्री शांती भूषण यांनी ४४ वी घटनादुरुस्ती मांडली. राज्यसभेत जनता पक्षाकडे बहुमत नव्हतं. त्यामुळे काँग्रेसच्या सदस्यांची मतं मिळवूनच ती मंजूर झाली. तिने आणीबाणीच्या यंत्रणेत ठिकठिकाणी फ्यूज बसवले :

• ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणावरून आणीबाणी लावता येत नाही. युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव हीच कारणं चालतात.

• मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती घोषणा करू शकत नाहीत. आधी सही, मग बैठक, हा १९७५ चा क्रम बंद झाला.

• संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात आणि साध्या नव्हे तर विशेष बहुमताने लागते. दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी.

• लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागणी केली तर आणीबाणी उठवण्यावर विचार करण्यासाठी खास बैठक बोलवावी लागते.

• जीवित व स्वातंत्र्याचा हक्क (अनुच्छेद २१) आणि शिक्षेसंबंधीचं संरक्षण (अनुच्छेद २०) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. निरेन डे यांचं ते उत्तर आज कोणत्याही सरकारला देता येणार नाही.

• आणीबाणीत लोकसभेची मुदत सहा वर्षं केली होती, ती पुन्हा पाच झाली.

जनता सरकार आपसातल्या भांडणाने जुलै १९७९ मध्ये कोसळलं. ही दुरुस्ती मात्र टिकली. १९८० मध्ये पुन्हा सत्तेत आलेल्या इंदिरा गांधींच्या सरकारनेही ती मागे घेतली नाही आणि १९७७ नंतर देशात राष्ट्रीय आणीबाणी लागलेली नाही.

मग राहून काय गेलं?

इथे या गोष्टीची दुसरी बाजू येते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ४४ व्या दुरुस्तीचं कलम ३ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविषयी होतं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कुणालाही तीन नव्हे तर दोनच महिने ठेवता येईल आणि त्या मंडळात उच्च न्यायालयाचे आजी-माजी न्यायमूर्तीच असतील, त्यांची शिफारस मुख्य न्यायमूर्ती करतील, असं त्यात म्हटलं होतं.

संसदेने हे कलम मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली. पण ते कधीपासून लागू होणार याची अधिसूचना केंद्र सरकारने काढायची होती. ती आजतागायत निघालेली नाही. जनता सरकारनेही ती काढली नाही आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने काढली नाही. दंडवते १९८९-९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारात अर्थमंत्री होते. तेव्हाही नाही. ‘मिसा’त दिवस काढलेल्यांच्या दोन सरकारांना हा शेवटचा फ्यूज बसवता आला नाही.

‘मिसा’ गेला, पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. १९८१ मध्ये महाराष्ट्रात ‘एमपीडीए’ आला. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी आणलेल्या या कायद्यात नंतर वाळू तस्करही समाविष्ट झाले. ‘सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली वर्षभरासाठी स्थानबद्ध’ ही ओळ पुणे जिल्ह्याच्या वाचकाला नवी नाही. नीरा आणि भीमेच्या काठी वाळूचा उपसा आणि त्यातली दांडगाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कारवाई योग्यही वाटेल.

वाळू तस्कर आणि विरोधी पक्षाचा खासदार यांची तुलना करण्याचा इथे हेतू नाही. पण दोघांनाही अडकवणाऱ्या कायद्याचा सांगाडा एकच आहे : आधी कैद, खटला नाही, तपासणी सल्लागार मंडळाकडे. ‘मिसा’सुद्धा आणला तेव्हा तो विरोधी खासदारांसाठी आहे असं कुणी सांगितलं नव्हतं.

जगातल्या प्राध्यापकांचं पुढे काय झालं?

विद्वान माणूस सत्तेत आला की लोकशाही सुरक्षित, असं मानायला इतिहास तयार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचे अल्फा कोंडे पॅरिसमध्ये कायदा शिकवायचे. त्यांनी अनेक दशकं हुकूमशहांना विरोध केला, तुरुंगही भोगला. २०१० मध्ये ते अध्यक्ष झाले. २०२० मध्ये त्यांनीच राज्यघटना बदलून तिसऱ्यांदा निवडणूक लढवली. पुढच्या वर्षी लष्कराने त्यांना हटवलं.

ट्युनिशियाचे कैस सईद तर राज्यघटनेचेच अध्यापक. २०१९ मध्ये मोठ्या मताधिक्याने अध्यक्ष झाले आणि जुलै २०२१ मध्ये त्यांनी संसद स्थगित केली. २०२२ मध्ये अध्यक्षाला अधिक बळ देणारी नवी घटना आणली. घटनेचं ज्ञान तिला वाचवायलाही कामी येतं आणि वाकवायलाही.

दंडवते आणि कोंडे दोघेही प्राध्यापक, दोघेही तुरुंगात गेलेले. फरक चारित्र्याचा असेलही, पण तेवढाच नाही. भारतात मंत्री झालेल्या माणसावर पक्ष, राज्यसभेतलं विरोधकांचं बहुमत, न्यायालयं आणि पुढची निवडणूक असे चार लगाम होते. गिनीत ते सैल होते.

यातून वाचकाने काय घ्यायचं?

दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला गेले. साधेपणा, अभ्यास आणि सभागृहातली शिस्त यासाठी त्यांची आठवण काढली जाते. पण त्यांची लढाई फक्त चांगल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली तर तिचा अर्धा अर्थ हरवतो. तुरुंगात टिकून राहणं ही विरोधी नेत्याची पहिली परीक्षा. ज्या अधिकाराने आपल्याला डांबलं, तो स्वतःच्या हाती आल्यावर कमी करून दाखवणं ही दुसरी. भारतात त्या पिढीने पहिली परीक्षा पूर्ण गुणांनी दिली आणि दुसरी बरीचशी, पण पूर्ण नाही.

आज कोणत्याही पक्षाचा नेता आणीबाणीची आठवण काढतो तेव्हा त्याला विचारण्याजोगा प्रश्न सोपा आहे. घोषणा नको, भाषण नको. ४४ व्या दुरुस्तीच्या कलम ३ ची अधिसूचना कधी काढणार? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, संसदेत मतदान लागत नाही. राजपत्रात एक ओळ छापावी लागते.